संगणकाच्या किल्ल्या कोणाच्या हाती?

दि. २७ जून २०१७ रोजी न्हावा शेवा येथील एका कंटेनर टर्मिनलचे काम एकाएकी विस्कटले. क्रेन जागेवर होत्या, कामगार हजर होते, माल होता. नव्हता तो फक्त हिशेब. कोणता कंटेनर कोणत्या रांगेत आहे, तो कोणाचा आहे, कोणत्या जहाजावर चढवायचा आहे, ही सारी माहिती ज्या संगणकांत होती ते संगणकच निकामी झाले होते. संप नाही, वादळ नाही, अपघात नाही. जवाहरलाल नेहरू बंदराच्या आवारातील हे टर्मिनल डेन्मार्कच्या मेर्स्क समूहाशी संबंधित, आणि मेर्स्कच्या जगभरच्या संगणकांना त्या दिवशी जी कीड लागली तिने रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यालाही सोडले नाही. ही कीड निघाली होती कोठून? युक्रेनमध्ये व्यापारी मंडळी कर भरण्यासाठी जे हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरतात त्यातून!

'नॉटपेट्या' या नावाने ओळखल्या गेलेल्या या हल्ल्याची तांत्रिक चर्चा तज्ज्ञांनी पुष्कळ केली आहे. तथापि शाळेच्या कार्यालयात, पतपेढीत, ग्रामपंचायतीत वा कारखान्यात ज्याच्याकडे 'संगणकाचे काम' सोपविलेले असते त्याने, आणि विशेषतः ज्याने ते सोपविले त्याने, या हकीगतीतील दोन-तीन गोष्टी नीट समजावून घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की, कीड ज्या वाटेने शिरली त्यांपैकी एक वाट बुजविण्याचे साधन तीन महिन्यांपूर्वीच उपलब्ध होते. विंडोज प्रणालीतील त्या छिद्रावरचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच प्रसिद्ध केले होते. मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या दुसऱ्या किडीने त्याच छिद्रातून जगभर हाहाकार उडविला होता. म्हणजे इशारा मिळाला होता आणि औषधही हाताशी होते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ज्यांनी ठिगळ लावले होते तेही सुटले नाहीत. कारण ही कीड एका संगणकात शिरली की त्याच्या स्मृतीत रेंगाळणारे पासवर्ड वेचून घेई आणि त्या किल्ल्यांनी शेजारच्या, अगदी सुरक्षित ठेवलेल्या संगणकांची दारे उघडी. एखाद्या वाड्यातील अकरा खोल्यांना उत्तम कुलपे असावीत, पण बाराव्या उघड्या खोलीत साऱ्या खोल्यांचा जुडगा खुंटीला टांगलेला असावा, तशातला हा प्रकार.

मेर्स्कच्या ७६ टर्मिनलांपैकी १७ टर्मिनलांना झळ बसली. सुमारे चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितले. नुकसानीचा कंपनीचा अंदाज पंचवीस ते तीस कोटी डॉलरांचा होता. या पुनर्बांधणीत एक चमत्कारिक अडचण आली. कोण कर्मचारी आहे आणि त्याला काय पाहण्याची मुभा आहे याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांची सतत नक्कल करीत असत. एक बुडाला तर दुसरा आहे, असा हिशेब. सारे एकदम बुडतील ही शक्यता कोणीच गृहीत धरली नव्हती. अखेर एक प्रत सापडली ती आफ्रिकेतील घाना देशात. आणि ती वाचली होती ती कोणाच्या दूरदृष्टीमुळे नव्हे, तर हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती म्हणून! त्या शाखेतून इंग्लंडला माहिती तारेने पाठविणे फार वेळखाऊ, आणि तेथील कर्मचाऱ्यांजवळ ब्रिटनचा व्हिसा नाही. तेव्हा ती प्रत हातोहात नायजेरियापर्यंत आणि तेथून लंडनला नेण्यात आली. भारनियमनाचे असे उपकार आपल्याकडे कधी झाल्याचे ऐकिवात नाही.

तिसरी गोष्ट मात्र संगणकशास्त्राची नाही, ती अर्थशास्त्राची आहे. नंतर प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांनुसार, कंपनीतील जाणकारांनी हल्ल्यापूर्वीच या त्रुटी वरिष्ठांच्या नजरेस आणल्या होत्या. दुरुस्तीची योजना मंजूर झाली होती आणि पैसाही ठेवला होता. परंतु संबंधित अधिकाऱ्यांचा बोनस ज्या निकषांवर ठरे त्यांत या कामाचा समावेश नव्हता. साहजिकच ते मागे पडत गेले. पैसा होता, ज्ञान होते. करून दाखविण्यात कोणाचा लाभ नव्हता आणि न करण्यात कोणाचा तोटा नव्हता.

एवढ्या बलाढ्य कंपनीची ही कथा, तर नागोठण्यासारख्या गावी काय असेल? रोहे तालुक्यातील, अंबा नदीच्या काठचे, मुंबई–गोवा महामार्गावरचे हे गाव. एकीकडे अवाढव्य पेट्रोरसायन प्रकल्प, दुसरीकडे बाजारपेठ, शाळा, पतसंस्था, दवाखाने, सेवा केंद्रे. प्रकल्पात संगणकांची राखण करण्यासाठी स्वतंत्र विभाग असतो. बाजारपेठेतील संस्थांत तो नसतो. तेथे हे काम 'ज्याला थोडेफार येते' अशा माणसाकडे जाते. तो शास्त्राचा शिक्षक असतो, कनिष्ठ लिपिक असतो, किंवा पनवेल-पेणहून महिन्यातून एकदा फेरी मारणारा दुरुस्तीवाला असतो. त्याला या कामासाठी वेगळा वेळ नाही, वेगळा पगार नाही आणि 'हे असे करू नका' असे मुख्याध्यापकाला वा व्यवस्थापकाला सुनावण्याचा अधिकार तर मुळीच नाही. प्रिंटर चालला नाही तर दोष मात्र त्याचा.

याचे कारण निव्वळ अज्ञान नव्हे. नदीत सांडपाणी सोडणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही, ती खालच्या अंगाच्या गावांना मोजावी लागते. अर्थशास्त्र याला बाह्य परिणाम म्हणते. संगणकाच्या बाबतीत हेच घडते. शाळेने विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक आणि पालकांचे दूरध्वनी क्रमांक निष्काळजीपणे ठेवले, तर फसवणुकीचा फोन शाळेला येत नाही, पालकाला येतो. दक्षतेचा खर्च संस्थेच्या वहीत दिसतो. दक्षतेचा लाभ कोणत्याच वहीत दिसत नाही, कारण 'न झालेली चोरी' जमेला धरण्याची पद्धत नाही. म्हणूनच हा प्रश्न केवळ सल्ल्याने सुटणारा नाही. तरीही सल्ला द्यावयाचा तो आधी दिला पाहिजे, कारण त्यातील बराचसा भाग जवळजवळ फुकटात अमलात येण्यासारखा आहे.

सुरुवात यादीने करावी. संस्थेत किती संगणक आहेत, राउटर कोठे आहे, कॅमेऱ्यांची नोंद करणारे यंत्र कोणत्या तारेला जोडलेले आहे, कोणते सॉफ्टवेअर कोणी कधी बसविले, हे एका साध्या वहीत लिहून काढावे. जे आहे हेच ठाऊक नाही त्याची राखण कशी करणार? अशी यादी करू जाता बहुधा एखादा विस्मरणात गेलेला संगणक कोपऱ्यात चालू असलेला आढळतो. त्यातील विंडोज जुनी असते, तिची ठिगळे येणे केव्हाच थांबलेले असते, आणि 'त्यात जुना हिशेब आहे' म्हणून तो कोणी बंद करीत नाही. त्याला निदान जाळ्यातून वेगळे काढावे.

त्यानंतर किल्ल्यांची मोजदाद. राउटर आणि कॅमेरे कारखान्यातून येताना जो पासवर्ड घेऊन येतात तो जगाला ठाऊक असतो. तो पहिल्या दिवशी बदलावा. संस्था सोडून गेलेल्या माणसाचे खाते त्याच दिवशी बंद व्हावे. निरोपसमारंभात शाल-श्रीफळ देताना हे काम राहून जाते आणि पुढे वर्षानुवर्षे तसेच राहते. एकच पासवर्ड पाच जणांनी वापरला, की चूक झाल्यावर ती कोणाची हे परमेश्वरालाही सांगता येणार नाही. ज्या खात्याला सर्वाधिकार आहेत, ज्याला ॲडमिन म्हणतात, त्या खात्याने रोजचा पत्रव्यवहार कधीही पाहू नये. रोजच्या कामासाठी व्यवस्थापकाचेही दुसरे, साधे खाते असावे. नॉटपेट्याचा धडा नेमका हाच आहे. मोठी किल्ली रस्त्यावरून मिरवीत नेली नाही तर ती हिसकावली जात नाही. महत्त्वाच्या खात्यांना पासवर्डाच्या जोडीला मोबाईलवरील किंवा वेगळ्या उपकरणावरील दुसरी खूण हवी. आणि दुरुस्तीवाल्याने दुरून संगणक हाताळण्यासाठी बसविलेले सॉफ्टवेअर? त्याचे काम आटोपताच ते बंद व्हावे. कित्येक ठिकाणी ही खिडकी सोयीखातर सताड उघडी असते.

ठिगळे लावण्याचा कंटाळा येणे स्वाभाविक आहे. संगणक मध्येच बंद होतो, काम अडते, कधी एखादे जुने सॉफ्टवेअर रुसते. यावर उपाय म्हणजे आठवड्यातील एक वेळ ठरवून टाकणे आणि ती वेळ कार्यालयप्रमुखाच्या सहीने जाहीर करणे. तसे केले की तो लिपिकाचा आगाऊपणा राहत नाही, कार्यालयाचा नियम होतो. जाळ्याचे भाग पाडणे हेही महाग नाही. पाहुण्यांचे वाय-फाय, कॅमेरे आणि हिशेबाचे संगणक एकाच नळाला जोडलेले नसावेत.

बॅकअपबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण येथे समजुतीचा घोटाळा फार आहे. 'आमचा बॅकअप आहे,' असे सांगणाऱ्याला 'तो कोठे आहे?' असे विचारावे. पुष्कळदा तो त्याच टेबलावर, त्याच संगणकाला कायम जोडलेल्या डबीत असतो. खंडणीखोर सॉफ्टवेअर मूळ माहितीला कुलूप घालते तेव्हा जोडलेल्या प्रतीलाही घालते. नागोठण्यात तर दुसरेही संकट ठरलेले आहे. पावसाळ्यात अंबा फुगली की तिचे पाणी बाजारपेठेत शिरते. त्याच नदीने जुलै १९८९ मध्ये वरच्या अंगाला जांभूळपाड्यात काय केले हे या भागातील वडीलधाऱ्यांना सांगावे लागत नाही. तेव्हा एक प्रत जोडणी काढून कपाटात, आणि एक प्रत दुसऱ्या गावी किंवा दूरस्थ साठ्यावर, एवढे तरी हवेच. मात्र खरी कसोटी प्रत असण्याची नाही, तिच्यातून सारे पुन्हा उभे करता येण्याची आहे. तीन महिन्यांतून एकदा, सुटीच्या दिवशी, एका रिकाम्या संगणकावर जुनी प्रत उघडून पाहावी आणि किती तास लागले ते लिहून ठेवावे. प्रत उघडलीच नाही तर ती सुटीच्या दिवशी उघडली नाही हे भाग्य समजावे.

बँका आणि पतसंस्थांना याहून एक पाऊल पुढे जावे लागते. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ रोजी झालेला हल्ला महाराष्ट्राच्या सहकारी क्षेत्राला अद्याप आठवत असेल. एटीएममधून पैसे मागणारा संदेश बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जाऊन होकार घेऊन परत यावयाचा असतो. चोरांनी मध्येच आपला खोटा होकार देणारा बसविला. परिणामी बनावट कार्डांवर २८ देशांतून काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये, आणि देशातील, कोल्हापुरासकट अनेक शहरांतील, एटीएममधून आणखी अडीच कोटी निघाले. दोन दिवसांनी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळते झाले. एकूण रक्कम ९४ कोटी ४२ लाख. ज्या हस्तकांनी कार्डे घेऊन पैसे काढले त्यांपैकी अकरा जणांना पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये दोषी ठरविले. सूत्रधार दूरच राहिले. यातून शिकण्याची गोष्ट ही की, कुंपण ओलांडले गेल्यावरही नेहमीपेक्षा वेगळे काही घडत आहे हे ओळखणारा पहारेकरी आत असावा लागतो. एका दुपारी परदेशातून हजारो वेळा पैसे काढले जावेत आणि कोणाची घंटा वेळेवर वाजू नये, ही अडचण केवळ कुलपाची नव्हती.

रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नागरी सहकारी बँकांसाठी संगणक-सुरक्षेची प्राथमिक चौकट घालून दिली आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकांच्या व्यवहारांनुसार चार पातळ्यांचे नियम आणले. नियम योग्यच आहेत. परंतु लहान बँक आपली यंत्रणा स्वतः चालवीत नाही, ती सेवा विकत घेते. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवादार कंपनीला खंडणीखोर सॉफ्टवेअरचा उपद्रव झाला तेव्हा राष्ट्रीय देयक महामंडळाने खबरदारी म्हणून तिला जाळ्यातून अलग केले, आणि देशातील जवळजवळ तीनशे लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. म्हणून करार करताना दराबरोबरच काही प्रश्न लेखी विचारले पाहिजेत: आमची माहिती कोठे राहते, तुम्ही बंद पडलात तर किती तासांत उभे राहाल, आणि आम्हाला कळविणार कधी? संचालक मंडळाच्या सभेत हे प्रश्न ज्याला सुचतात तो पुष्कळदा सभेला बोलावलेलाच नसतो.

शिवाय बाहेरच्या चोराच्या भीतीने घरच्याकडे पाठ फिरवू नये. पेण तालुक्यातील ठेवीदारांना हे वेगळे सांगायला नको. पेण अर्बन बँकेवर २०१० मध्ये निर्बंध आले ते परदेशी हल्ल्यामुळे नव्हेत. बोगस कर्जखात्यांचे प्रकरण बँकेच्या आतच शिजले होते, आणि हजारो कुटुंबांची पुंजी त्यात अडकली. नोंदी तपासणारा माणूस नोंदी करणाऱ्याहून वेगळा हवा, आणि आपल्याच खुणा पुसण्याची सोय ॲडमिनलाही नसावी, हा दंडक संगणकापूर्वीच्या जमाखर्चालाही लागू होता.

राहता राहिला कारखाना. येथे पैशाचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे. ५ नोव्हेंबर १९९० रोजी नागोठण्याच्या तत्कालीन आयपीसीएल प्रकल्पात वायुगळती होऊन स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे दगावली. त्या दुर्घटनेचा संगणकहल्ल्याशी काडीचा संबंध नाही. परंतु एक झडप वेळेवर बंद होणे वा न होणे याची किंमत काय असते हे या परिसराला ठाऊक आहे, आणि आज अशा प्रकल्पांतील झडपा संगणकाच्या हुकमाने हलतात. २०१७ मध्ये सौदी अरेबियातील एका पेट्रोरसायन कारखान्यात 'ट्रायटन' नावाची कीड थेट सुरक्षा-नियंत्रकापर्यंत, म्हणजे धोका दिसताच सारे बंद करणाऱ्या शेवटच्या यंत्रणेपर्यंत, जाऊन पोचली. त्या नियंत्रकावर एक खरीखुरी, हाताने फिरविण्याची किल्ली असते. ती 'चालू' खुणेवर असती तर आज्ञावली बदलता आली नसती. ती 'बदल करा' या खुणेवर राहू दिली होती. सुदैवाने किडीच्या चुकीने यंत्रणा बंद पडली आणि संशय आला. कार्यालयाचे जाळे आणि यंत्रांचे जाळे वेगळे ठेवा, बाहेरचा पेनड्राइव्ह तपासल्यावाचून आत नेऊ नका, किल्ली काढून कपाटात ठेवा, असे सांगणारा संगणकव्यवस्थापक उत्पादनाच्या घाईत नकोसा वाटतो. त्याच्या 'नाही'ला फोरमनच्या 'नाही'इतकेच वजन असले पाहिजे.

हल्ला झालाच तर? प्रथम संगणकाची जाळ्याची तार काढावी. पुरावा नष्ट होईल अशी झाडलोट घाईने करू नये. केंद्राच्या 'सर्ट-इन' या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनेची वर्दी सहा तासांत द्यावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. पहिल्या तासाला येथे फार मोल आहे. प्रत्यक्षात पहिला दिवस जातो तो 'हे बाहेर कळू देऊ नका' या खलबतात. सहा तासांच्या नियमाचे पालन लिपिकाच्या हाती नाही. वर्दी दिल्याबद्दल त्याला मेमो मिळणार नाही, एवढे त्याला आधीच लेखी कळविलेले असले तरच तो तोंड उघडील. त्याला या कामासाठी आठवड्याचे चार-सहा तास मोकळे करून देणे, वर्षातून एखाद्या प्रशिक्षणाला पाठविणे आणि त्याच्या गोपनीय अहवालात या कामासाठी एक रकाना ठेवणे, यांतील कोणत्याच गोष्टीला शासनाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला तो दुसरा शनिवार होता. चोरांनाही पंचांग कळते. कोकणात गणपतीचे पाच दिवस कार्यालये ओस पडतात, आणि संगणकाचा माणूस आरतीत असतो. तेव्हा त्या पाच दिवसांत कोणाचा फोन चालू राहील, त्याच्या गैरहजेरीत दुसरा कोण, सेवादार कंपनीचा, बँकेचा आणि पोलीस ठाण्याचा क्रमांक कोणता, हे चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात ठरवून कागदावर लिहावे आणि तो कागद भिंतीवर लावावा. संगणकातच ठेवलेली ती यादी संगणक बंद पडल्यावर कोणाला वाचता येणार?